३७ मिनिटांची तूट

बी. कॉम. झालेल्या माणसानं ज्या वस्तू उघडू नयेत, त्यांत टोल्यांचं भिंतीवरचं घड्याळ फार वरच्या नंबरावर आहे. पण गेल्या पावसाळ्यात आमचं बंद पडलं आणि अण्णांची पंचाईत झाली. ऐंशीच्या घरातल्या अण्णांना तबकडी दिसत नाही. त्यांची औषधं टोल्यांवर चालतात. रत्नागिरीच्या बाजारात विचारलं, तर जो तो म्हणे, ‘आत सेलचं मशीन टाकू या.’ अण्णा म्हणाले, ‘मग आधी मलाच सेल घाला!’

शेवटी पेचकस मीच घेतला. आत स्प्रिंगा दोन : एक चालण्याची, एक टोल्यांची. चक्रं काढण्यापूर्वी दोन्हींचा ताण हळूहळू सोडायचा असतो. मी एकीचाच सोडला. (अंगठ्याची पट्टी निघेपर्यंत बँकेत नोटा दुसऱ्यानं मोजल्या, एवढाच फायदा.) चक्रं पूजेच्या वाट्यांत क्रमानं मांडली, रॉकेलनं धुतली. आमच्या खाऱ्या हवेत जुन्या तेलाचं डिंकासारखं झालं होतं. सगळं परत जोडलं, तर एक स्क्रू उरला. बँकेत अशासाठी सस्पेन्स खातं असतं. मी तो आगपेटीत ठेवला.

घड्याळ चाललं. पण तीनला अकरा टोले! या जातीच्या घड्याळात टोले काट्यांना विचारून पडत नाहीत. खाचा पाडलेलं एक चाक आपला हिशेब वेगळा ठेवतं. म्हणजे दोन वह्या, आणि त्या मला जुळवायच्या. त्या जुळल्या, तर घड्याळ रोज पाच मिनिटं मागं पडू लागलं. १६५६ साली ह्युजेन्स नावाच्या डच विद्वानानं घड्याळाला लंबक लावला. तेव्हापासून नियम एकच : लंबक लांबला की घड्याळ मंदावतं. मला त्याची चकती जराशी वर घ्यायची होती.

सातव्या दिवशी अण्णांनी विचारलं, ‘किती मागं आहे रे?’

‘पस्तीस मिनिटं.’

अण्णा उठून बसले. १ जानेवारी १९०६ ला सरकारनं सगळ्या देशाला एक प्रमाणवेळ लावली. तोवर गावात सूर्य डोक्यावर आला की बारा. नव्या वेळेनं तेव्हा रत्नागिरीत बारा वाजून सदतीस मिनिटं होऊ लागली! मुंबई महापालिकेनं तर स्वतःची मुंबई वेळ त्यानंतरही कित्येक वर्षं सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं. रेल्वेच्या वेळापत्रकांना गावोगावच्या वेळा परवडत नव्हत्या, हे खरं. पण आमच्याकडे घड्याळं पुढं केली १९०६ साली आणि कोकण रेल्वे पुरी झाली १९९८ साली. ब्याण्णव वर्षं आम्ही स्टेशनाशिवाय वक्तशीर होतो.

अण्णांच्या आजोबांनी मात्र हे घड्याळ शेवटपर्यंत सूर्यावरच ठेवलं. कचेरीची वेळ ते मनात मिळवून घेत.

मी स्टूल ओढलं, लंबकाला हात घालणार, तोच अण्णा ओरडले, ‘थांब! आजोबांची वेळ व्हायला दोनच मिनिटं कमी आहेत.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंबक नीट केला. काटे त्यांनी हलवू दिले नाहीत. औषध मी मोबाईलमध्ये बघून देतो.