पुढच्या स्प्रिंगचा इतिहास आणि ती उतरवण्याची रीत

आपल्या माळव्यातल्या आणि गुजरातेतल्या मराठी घरांत जुनी फियाट किंवा पद्मिनी जपण्याची हौस अजून टिकून आहे. २०२३ च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हापासून तर तरुण मंडळी स्वतःच पाने हातात घेऊ लागली आहेत. त्याचा आम्हाला आनंदच आहे. मात्र ही मुले पुढच्या चाकांच्या स्प्रिंगला हात घालू लागली, की आमच्या पोटात गोळा येतो. म्हणून या अंकात त्याच स्प्रिंगविषयी लिहीत आहोत.

स्प्रिंगचा नियम गाडीपेक्षा फार जुना. रॉबर्ट हूकने तो आधी अक्षरांच्या कोड्यात लपवून १६७६ साली छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला: जितका ताण, तितके बळ. तरीही बग्गी आणि मोटार यांनी दीर्घकाळ कमानपाट्यांवरच भिस्त ठेवली. त्याला कारण होते. पाट्यांची चळत भार तर पेलतेच, शिवाय आस जागेवर धरून ठेवते, आणि पाटे एकमेकांवर घासत असल्याने हेलकावेही आपोआप आटोक्यात राहतात. वेटोळ्या स्प्रिंगला यातले फक्त पहिले काम जमते. चाक धरायला वेगळे दांडे लागतात आणि हेलकावे थांबवायला शॉकॲब्सॉर्बर. एवढा खटाटोप कोण करणार?

तो करावा लागला तो वेगामुळे. चाके झपाट्याने फिरू लागली, तशी पुढची अखंड आस थरथरू लागली. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलायचे. १९३३ साली मर्सिडीज-बेंझने ३८० ही गाडी आणली, तिच्या पुढच्या प्रत्येक चाकाला दोन-दोन आडवे आर्म आणि वेटोळी स्प्रिंग होती. त्याच सुमारास अमेरिकेत मॉरिस ऑली नावाचा इंग्रज अभियंता, जो पूर्वी रोल्स-रॉइसमध्ये होता, कॅडिलॅकमध्ये प्रयोग करत होता. गाडीवर वजने इकडून तिकडे सरकवून तो माणसांना तीत बसवून हिंडवी. त्याला दिसले की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ असली तर प्रवासी कमी हिंदकळतात. तोवरचा प्रघात नेमका उलटा होता. १९३४ पासून कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबिल या गाड्यांना पुढे वेटोळ्या स्प्रिंग आल्या.

इथे इंदूरकरांसाठी एक गंमत. महाराज यशवंतराव होळकरांची ती प्रसिद्ध ड्यूसेनबर्ग, जिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली, ती तीसच्या दशकातली अत्यंत महागडी गाडी. पण तिला पुढे अखंड आस आणि कमानपाटेच होते. त्या काळातल्या एखाद्या डॉक्टराच्या ब्यूकला मात्र पुढे नवी व्यवस्था असे!

सामान्य माणसाच्या घरात ही व्यवस्था आली ती फियाट ११००/१०३ बरोबर. ती १९५३ साली इटलीत निघाली आणि पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला बनवली. सत्तरच्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले. तिला पुढे आर्म आणि वेटोळी स्प्रिंग, मागे कमानपाटे. जुन्या ॲम्बॅसडरमध्ये मात्र पुढे वेटोळे शोधू नका, तिथे पिळाचा दांडा असतो.

आता धोक्याविषयी. हिशेबासाठी समजा, ४०० किलो भाराखाली स्प्रिंग १० सेंटिमीटर दबली आहे. तिच्यात साठलेली शक्ती म्हणजे २० किलोची गोणी एक मीटरवरून पडावी तितकी. तीन किलोच्या स्प्रिंगला ती सगळी मिळाली तर ती ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने सुटेल. आणि गाडी उचलून चाक लोंबकळले म्हणजे ताण संपला असे नाही. तो फक्त कमी होतो. उरलेला ताण खालच्या आर्मने, बॉल जॉइंटने, काही गाड्यांत शॉकॲब्सॉर्बरनेही अडवून धरलेला असतो. ब्रिटिश एमजीबीत तर शॉकॲब्सॉर्बरचा दांडा हाच वरचा आर्म. तो निष्काळजीपणे सोडला की झाले.

म्हणून जाणते मिस्त्री घाई करत नाहीत. सपाट, पक्क्या जमिनीवर मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. गाडीची चौकट लोखंडी घोड्यांवर. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचे नाही. मग दुसरा जॅक खालच्या आर्मखाली लावून आर्म थोडा उचलायचा, आणि त्यानंतरच शॉकॲब्सॉर्बर व बॉल जॉइंट सोडायचे. स्प्रिंगमधून एक साखळी ओवून चौकटीला सैल बांधून ठेवावी. मग जॅक इंचाइंचाने खाली. स्प्रिंगची थाळी बोल्टने बसवलेली असेल, तर समोरासमोरचे दोन बोल्ट काढून तिथे लांब आट्यांचे पक्के दांडे घालतात, उरलेले बोल्ट नंतर काढतात आणि दांड्यांवरचे नट आळीपाळीने सैल करत थाळी उतरवतात. स्प्रिंग दाबण्याचे आकडे वापरायचे असतील तर ते बरोबर समोरासमोर लावावेत, आट्यांना तेल द्यावे, दोन्हीकडे सारखेच फिरवावे आणि तेही हाताच्या पान्याने. या सगळ्या वेळात तोंड किंवा हात स्प्रिंगच्या वाटेत नको. मदतीला एक शहाणा माणूस हवा, आणि मुलांना अंगणाबाहेर काढावे.

गाडी खाली बसावी म्हणून वेटोळे गॅसने कापण्याची एक वाईट खोड आहे. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, आणि वेटोळी कमी झाली की स्प्रिंग उलट ताठर होते. ऑलीने इतक्या मेहनतीने शोधलेला मऊपणा पाच मिनिटांत जातो.

नवी स्प्रिंग नेहमी जोडीने घालावी, आणि तिचे टोक खालच्या खाचेत नीट बसले आहे का ते बोटाने नव्हे, टॉर्चने पाहावे. आर्मला रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी करूनच आवळावेत, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते. नवी स्प्रिंग सुरुवातीला गाडी उंच धरते. आठवडाभर चालवून दोन्ही बाजूंची उंची पुन्हा टेपने मोजावी आणि मगच चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.