ब्रायंटनंतर कोण?

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे आणि त्या राज्यात टस्कलूसा नावाचे गाव. तेथील विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक पॉल ब्रायंट ह्याने 1982 सालच्या 15 डिसेंबरला जाहीर केले, की आता आपण थांबणार. एका कॉलेजच्या संघाचा शिक्षक निवृत्त होतो, ह्यात एवढे काय सांगायचे, असे तुम्ही म्हणाल. पण कोल्हापुरात एखाद्या तालमीचा वस्ताद थकला, तर ती बातमी त्या तालमीपुरती राहते का? अलाबामाचे तर सारे राज्यच त्या एका तालमीचे होते.

आणि हो, फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळायचा चेंडू येतो. तो खेळ हा नव्हे. ह्यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचे नाहीतर पुढे फेकायचा. अकरा गड्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे; नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली. कुस्ती, कबड्डी आणि थोडी लढाई असे मिश्रण म्हणा ना! दर शनिवारी हे सामने होतात आणि मोठमोठ्या विद्यापीठांच्या मैदानांवर लाखाच्या घरात माणसे जमतात.

ब्रायंटला सारे जण ‘बेअर’ म्हणत. बेअर म्हणजे अस्वल. लहानपणी आर्कन्सॉमधल्या आपल्या गावी खेळ घेऊन आलेल्या अस्वलाशी तो झोंबला, म्हणून हे नाव. ह्याच अलाबामा विद्यापीठात तो शिकला, खेळला आणि पुढे तीन विद्यापीठांतून शिकवून 1958 साली परत आला. आईने हाक मारली की जावेच लागते, अशा अर्थाचे कारण त्याने दिले होते. घराची दशा तेव्हा हाक मारण्यासारखीच होती. त्याच्या आधीच्या तीन वर्षांत संघाने चार सामने जिंकले होते आणि चोवीस हरले होते! पुढच्या पंचवीस वर्षांत ह्याच संघाने 232 सामने जिंकले आणि सहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. सरावाच्या मैदानावर एक उंच मनोरा होता. त्यावर चढून ब्रायंट सगळ्यांचा सराव पाहत असे. खाली घाम गाळणाऱ्या पोराला वरची नजर आपल्यावरच आहे असे वाटत राही. 1981 च्या नोव्हेंबरात त्याने एकूण 315 वा विजय मिळवला आणि तोवरचा विक्रम मागे टाकला.

पण 1982 चा हंगाम उतरणीचा गेला. लागोपाठ तीन सामने गेले. त्यांतला शेवटचा पराभव ऑबर्नकडून, म्हणजे राज्यातल्याच सख्ख्या वैऱ्याकडून, अवघ्या एका गुणाने झाला. ऑबर्नचा प्रशिक्षक पॅट डाय हा ब्रायंटच्याच हाताखाली आठ-नऊ वर्षे राबलेला. म्हणजे शिष्याने गुरूला चीत केले. ब्रायंटने काय ओळखायचे ते ओळखले.

मग गादीवर कोण? ब्रायंटने घडवलेली माणसे देशभर पसरली होती. एकटा डायच नव्हे, जीन स्टॉलिंग्ज होता, हॉवर्ड श्नेलेनबर्गर होता. निवड झाली ती रे पर्किन्सची. हा ब्रायंटचा खेळाडू. 1964 आणि 1965 च्या अजिंक्य संघांत तो होता. निवडीच्या वेळी तो न्यूयॉर्क जायंट्स ह्या धंदेवाईक संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. घरचा माणूस, शिवाय बाहेर नाव काढलेला. कागदावर ह्याहून चांगली निवड दाखवणे कठीण होते.

29 डिसेंबरला मेम्फिस येथे ब्रायंटचा शेवटचा सामना झाला. इलिनॉय संघाचा 21-15 असा पराभव करून तो विजय घेऊनच बाहेर पडला. त्यानंतर अठ्ठावीस दिवसांनी, 1983 च्या 26 जानेवारीला, तो वारला. त्याचे वय होते एकोणसत्तर. टस्कलूसाहून बर्मिंगहॅमच्या दफनभूमीपर्यंत पन्नासहून अधिक मैलांच्या वाटेवर, पुलांवर, रस्त्याच्या कडेला माणसे उभी होती. पर्किन्सने अजून एकही सामना खेळवला नव्हता.

ह्या अठ्ठावीस दिवसांना मी फार महत्त्व देतो. म्हातारा हयात असता, तर त्याच्यावर टीका करता आली असती, त्याचा सल्ला घेता आला असता. ‘अरे, पोराला जरा वेळ द्या,’ असे तोही लोकांना सांगू शकला असता. मेलेल्या वस्तादाशी तुलना मात्र कोणाला जिंकता येत नाही. तो नंतर एकही डाव हरत नाही!

पर्किन्सनेही हाताने काही ओढवून घेतले. संघाची आक्रमणाची पद्धत 1971 पासून पळण्यावर बेतलेली होती. ती त्याने मोडली आणि धंदेवाईक संघांसारखी चेंडू फेकण्यावर भर देणारी पद्धत आणली. जुन्या सहायकांपैकी बऱ्याच जणांना निरोप दिला. आणि तो मनोरा? तोही मैदानावरून हलवला. सराव त्याला जमिनीवरून, खेळाडूंच्यात उभे राहून घ्यायचा होता. कामाच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नव्हते. पण लोकांच्या लेखी तो लाकूडलोखंडाचा सांगाडा नव्हता, देव्हारा होता. पहिल्या वर्षी आठ विजय मिळाले, तोवर लोक गप्प बसले. 1984 साली पाच जिंकले, सहा हरले. ब्रायंट येण्याच्या आदल्या वर्षानंतर अलाबामाला प्रथमच विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. मग मनोरा सर्वांना आठवला.

पुढे त्याने संघ सावरला. 1986 साली दहा सामने जिंकले आणि नोत्र दामला हरवले, जे ब्रायंटलाही कधी साधले नव्हते. ह्या गोष्टीची दखल हवी तेवढी घेतली जात नाही. त्या हंगामानंतर पर्किन्स पुन्हा धंदेवाईक फुटबॉलमध्ये गेला. गंमत पाहा, न्यूयॉर्कची जी खुर्ची सोडून तो आला होता, तीवर त्याचा सहायक बिल पार्सेल्स बसला आणि त्याने तेथे दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तिथे कोणी मनोऱ्याची आठवण काढणारे नव्हते.

पर्किन्सच्या जागी आला बिल करी. हा जॉर्जिया टेकचा, म्हणजे जुन्या वैऱ्याच्या घरचा. तीन वर्षांत त्याने 26 सामने जिंकले आणि दहा हरले. पण त्या दहांत ऑबर्नचे तिन्ही होते. 1988 साली एका पराभवानंतर त्याच्या कचेरीच्या खिडकीतून वीट आली. 1989 चा हंगाम संपल्यावर तो केंटकीला निघून गेला. तेव्हा मग 1982 साली मागे राहिलेल्या स्टॉलिंग्जची आठवण झाली. त्याचे पहिले तीनही सामने गेले, पण 1992 साली तेराच्या तेरा जिंकून त्याने अजिंक्यपद परत आणले. ब्रायंट जाऊन तोवर दहा वर्षे होत आली होती. दरम्यान लोकांचे दुःख थोडे निवले होते. मला वाटते, स्टॉलिंग्जच्या यशात त्याच्या कर्तबगारीइतकाच ह्या दहा वर्षांचाही वाटा आहे.

आता हीच गोष्ट दुसऱ्या एका ठिकाणी कशी घडली ते पाहण्याजोगे आहे. नेब्रास्का विद्यापीठात बॉब डेव्हनीने 1970 आणि 1971 असे लागोपाठ दोन वर्षे अजिंक्यपद मिळवले. आपल्यामागे आपला सहायक टॉम ऑस्बोर्न येणार, हे त्याने आपला शेवटचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच सांगून टाकले. 1973 साली ऑस्बोर्न खुर्चीवर बसला आणि ओक्लाहोमा ह्या मुख्य प्रतिस्पर्ध्याकडून पाच वर्षे ओळीने हरला! अलाबामात अशा माणसाचे काय झाले असते ते सांगायला नको. पण डेव्हनी कोठे गेला नव्हता. सर्व खेळांचा संचालक म्हणून तो त्याच विद्यापीठात, ऑस्बोर्नच्या वरच्या जागी होता. नव्या माणसाला हाकलायचे, तर आधी डेव्हनीकडे जावे लागे, आणि हा माणूस तर त्यानेच निवडलेला! ऑस्बोर्नला पहिले अजिंक्यपद मिळाले ते 1994 साली, बाविसाव्या वर्षी. त्यानंतर आणखी दोन मिळाली.

पण 1998 साली ऑस्बोर्नचा सहायक फ्रँक सॉलिच गादीवर आला, तेव्हा अशी ढाल त्याला मिळाली नाही. 2003 साली नऊ सामने जिंकून, तीन हरूनही त्याला काढून टाकण्यात आले. त्याच्या जागी बाहेरून आणलेल्या प्रशिक्षकाने पहिल्याच वर्षी, 1961 नंतर प्रथमच, विजयांहून अधिक पराभव पाहिले.

‘घरचा माणूस’ हा शब्दही जरा तपासून घेतला पाहिजे. ब्रायंटच्या संघात 1971 पर्यंत एकही काळा खेळाडू उतरला नव्हता. त्यानंतर आलेल्यांपैकी एक सिल्व्हेस्टर क्रूम. हा टस्कलूसाचाच. ब्रायंटच्या हाताखाली खेळला आणि त्याच्याच हाताखाली सहायक झाला. 2003 साली जागा रिकामी झाली, तेव्हा क्रूमचे नाव पुढे होते. निवडला गेला माइक शूला. तोही ह्याच विद्यापीठाचा खेळाडू, वय सदतीस, मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नाही. वडील मात्र नामांकित प्रशिक्षक. क्रूम त्याच वर्षाच्या अखेरीस शेजारच्या मिसिसिपी स्टेटमध्ये गेला आणि दक्षिणेतल्या त्या मातब्बर संघांच्या मंडळातला पहिला काळा मुख्य प्रशिक्षक ठरला. शूला चार वर्षे टिकला.

अखेर 2007 साली आला निक सेबन. त्याचा ब्रायंटशी काही संबंध नव्हता. तो वेस्ट व्हर्जिनियाचा. त्याने अलाबामाला सहा अजिंक्यपदे मिळवून दिली, म्हणजे ब्रायंटइतकीच. 2024 सालच्या 10 जानेवारीला तोही निवृत्त झाला. दोनच दिवसांत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केलन डीबोरचे नाव जाहीर झाले. हा तर ब्रायंटचाही नव्हे आणि सेबनचाही नव्हे. त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला त्याचा संघ व्हँडरबिल्टकडून 35-40 असा हरला. अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर असताना हे घडले. त्याआधी व्हँडरबिल्टने अलाबामाला हरवले होते ते 1984 साली, पर्किन्सच्या दुसऱ्या हंगामात.