दोषी कोण? : व्हिएन्नातील एक चर्चा, १९१०

एप्रिल १९१० मध्ये व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण मंडळाने लागोपाठ दोन बैठका एकाच विषयाला दिल्या : विद्यार्थ्यांच्या आत्महत्या. त्या काळी जर्मनभाषक प्रदेशातील वृत्तपत्रे या मृत्यूंचा दोष शाळेच्या माथी मारीत असत. साहित्यातही हा विषय आधीच येऊन गेला होता. फ्रांक वेडेकिंडच्या ‘वसंताची जाग’ (१८९१) या नाटकातील मॉरिट्झ अभ्यासात मागे पडतो, आईवडिलांच्या अपेक्षाभंगाच्या धास्तीने खचतो आणि जीवन संपवतो. त्यानंतर शिक्षकांची सभा भरते. खिडकी उघडावी की नाही यावर तिथे वाद रंगतो आणि सारे खापर मित्राने लिहिलेल्या एका निबंधावर फुटते. दफनाच्या वेळी बाप सांगतो की, हा मुलगा माझा नव्हेच. शाळाही हात झटकते, घरही.

व्हिएन्नातील चर्चेला तोंड फोडले ते ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या एका शिक्षकाने, डेव्हिड एर्न्स्ट ओपेनहाइम यांनी. त्यांनी शाळेची बाजू मांडली : परीक्षा किंवा शिक्षा हे अनेकदा केवळ निमित्त असते, त्यामागे घर, स्वभाव, आजार अशी अनेक कारणे दडलेली असतात. अध्यक्षस्थानी असलेल्या आल्फ्रेड आडलर यांना या कृत्यात न्यूनगंड आणि जवळच्यांवरचा रोष दिसला.

फ्रॉइड यांचे भाषण लहान होते, पण आजही शिक्षकाला अस्वस्थ करील असे. शाळेत न जाणारी मुलेही जीव देतात, तेव्हा सगळा दोष शाळेचा नव्हे, हे त्यांनी मान्य केले. मात्र तेवढ्यावर शाळेला मोकळे सोडले नाही. विद्यार्थ्याला मृत्यूकडे न ढकलणे एवढेच शाळेचे काम नाही. घराशी असलेले नाते सैल होत असण्याच्या वयात तिने आधार द्यावा, जगण्याची ओढ जागवावी. मूल वाढीच्या एखाद्या टप्प्यावर रेंगाळले, तर तो अधिकार त्याला नाकारू नये. आयुष्याचा निष्ठुरपणा शाळेने अंगी बाणवू नये.

नैराश्य, आधीचा प्रयत्न, घरातील कलह वा हिंसा, अवहेलना, एकटेपणा, व्यसन असे मनोसामाजिक जोखीम-घटक आज आपण मोजतो. ते बहुधा एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे एकच कारण शोधणे फसवे ठरते. पण कारणे अनेक आहेत म्हणून कोणाचीच जबाबदारी नाही, असा निष्कर्ष काढला तर आपण वेडेकिंडच्या त्या सभेत जाऊन बसतो.

याच शहरात पुढे एका तरुणाने दुसरा मार्ग दाखवला. व्हिक्टर फ्रांकल यांनी १९२८ पासून तरुणांसाठी विनामूल्य सल्लाकेंद्रे उभारली आणि प्रगतिपुस्तके हाती पडण्याच्या दिवसांत तिथे विशेष व्यवस्था केली. फ्रांकल यांनी नोंदवल्याप्रमाणे, १९३१ साली व्हिएन्नात एकाही विद्यार्थ्याने आत्महत्या केली नाही. ते यश केवळ या केंद्रांचे, असा दावा करणे कठीण. तसे केल्यास पुन्हा एकच कारण शोधल्यासारखे होईल. मोलाची होती ती वेळेची जाण. दोषी कोण, हा प्रश्न मृत्यूनंतर विचारला जातो. निकालाच्या दिवशी मुलापाशी कोण बसणार, हा त्याआधी विचारता येतो. आपल्या वर्गाच्या शेवटच्या बाकावरही तो वाट पाहत असतो.