दोन राज्यं, एक घाट

डिसेंबर 1937. पहाटेचे पाच वाजलेत. बार्शीत भगवंताच्या देवळामागच्या बोळात तुम्ही उभे आहात. हातात काळ्या हर्क्युलिसचं हँडल आहे आणि लोखंड इतकं गार, की बोटं बधिर झालीत. शेजारी तीन मित्र आहेत. एक शाळेत मास्तर, दुसरा कापसाच्या अडतीवर कारकून. तिसरा धाराशिवचा. तिकडे मोठ्या शाळेत उर्दूतून शिकावं लागतं, म्हणून वडिलांनी त्याला बार्शीला मामाकडे ठेवलंय.

"चला गड्यांनो, ऊन चढायच्या आत घाट चढायचा," मास्तर म्हणतो.

आज पांगरी, येडशी, धाराशिव आणि रात्री तुळजापूर असा बेत आहे. अंतर पंचेचाळीस मैलांच्या आसपास. सायकली विलायतेहून आलेल्या, दणकट आणि जड. गिअर नाहीत, चढ काय नि उतार काय, एकच दात-चक्र. मागच्या कॅरिअरला बांधलंय ते एवढंच: पंप, सोल्यूशनची नळी, रबराचे तुकडे, घोंगडी आणि फडक्यात गुंडाळलेल्या ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे.

गावाबाहेर पडताच खडीचा रस्ता हाडांपर्यंत पोचतो. दोन्ही बाजूंना काळी रानं आणि पोटरीत आलेली ज्वारी. उजाडता उजाडता शिट्टी ऐकू येते. बार्शी लाइटची छोटी गाडी, रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. 1897 मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीला आली, 1911 मध्ये लातूरला पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू दिला नाही. त्यामुळे रूळ हलके चालले आणि खर्च आवाक्यात राहिला. अरुंद रुळांना तीव्र वळणंही घेता येतात, म्हणून डोंगर फोडत बसण्यापेक्षा ही गाडी त्याच्या कडेकडेनं वळत जाते. कारकून हात हलवतो, डब्यातून चार हात हलतात.

पांगरी मागे पडते आणि पुढे आडवा बांबू दिसतो. हा करोडगिरीचा नाका. इथं इंग्रजांचा मुलूख संपतो आणि निजामाचा सुरू होतो. बाहेरून येणाऱ्या मालावर जकात बसते. नाक्यावरच्या कारकुनाच्या वहीत उर्दू अक्षरं आहेत आणि साल 1347 फसली. एका बांबूखालून तुम्ही दुसऱ्या पंचांगात शिरलात.

"विक्रीचा काही माल?"

"न्हाई साहेब. भाकरी हाय," आपला अडतीवरचा कारकून सांगतो. नाक्यावरचा शिपाई हसतो आणि त्याच्याच बोलीत विचारतो, "तुळजापूरला व्हय? माझाबी नमस्कार सांगा आईला."

धाराशिवचा मित्र चंची उघडतो. इथून पुढे त्याचे पैसे चालायचे. कलदार, म्हणजे इंग्रजी रुपयाला इथं भाव आहे, शंभराला निजामाचे एकशे सोळा-सतरा हाली मिळतात. पण किरकोळ खर्चाला चारमिनार छापलेलं हाली नाणंच बरं. तुम्ही ते तळहातावर घेऊन बघता. राज्य बदललं ते नाण्यावर, वहीत आणि पाटीवर. रान मात्र अलीकडे काळं होतं, तसंच पलीकडेही काळं आहे.

खरा बदल पुढे होतो आणि तो आधी मांड्यांना कळतो. चाकाखालची काळी माती सरते, मुरूम लागतो, रस्ता हळूहळू वर उचलला जातो. बालाघाट सुरू झाला. रामलिंगचा घाट फार उंच नाही. पण एका गिअरच्या जड सायकलीवर तो पूर्ण वसूल करून घेतो. तुम्ही पेडलवर उभे राहता, सगळं वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकता. बोलणं बंद होतं, फक्त साखळीचा आवाज आणि चार श्वास. कारकून आधी उतरतो, मग तुम्ही. मास्तर वळणापर्यंत नेट लावतो आणि तिथं थांबून राहतो. कुणी कुणाला "चल लवकर" म्हणत नाही. सर्वांत दमलेल्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग, हा नियम न सांगता ठरलेला आहे.

दरीत रामलिंगाचं देऊळ आहे. सीतेला नेणाऱ्या रावणाशी जटायू लढला आणि पडला तो इथंच, अशी इथली श्रद्धा. त्याची समाधीही दाखवतात. तुम्ही ओढ्यात डोकं बुडवता. झाडीतून मोर ओरडतो. वर चढून आल्यावर बाभळीचा काटा मास्तरच्या मागच्या चाकात घुसतो. ट्यूब बाहेर येते, डबक्याच्या पाण्यात बुडबुडा शोधला जातो, ठिगळ बसतं. तेवढ्यात काळ्या, लांब कानांच्या शेळ्यांचा कळप चारी बाजूंनी येतो आणि एक शेळी भाकरीच्या गाठोड्याला तोंड लावते.

येडशीपासून माथ्यावरची वाट आहे. वारा समोरून येतो, म्हणून पाळीपाळीनं एकेकजण पुढे राहतो. एका बाजूला लांबवर तेर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक नाविकांच्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शक पुस्तकानं पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलंय, ते हेच. इथलं कापड गाड्यांवर लादून थेट भडोचच्या बंदरात जायचं. तेव्हाही ही चढण होती, आणि ती चढताना बैल थांबत असणारच.

धाराशिवला मित्राच्या घरी पंगत बसते. गावाला सरकारदरबारी उस्मानाबाद म्हणतात, घरात धाराशिवच. "लेकरांनो, पाय बघा की केवढे धुळीनं भरलेत," आई म्हणते आणि पिठलं वाढते. जेवताना मित्राचे वडील आवाज खाली आणतात. यंदाच परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलेले स्वामी रामानंद तीर्थ आता लोकांना एकत्र आणताहेत. इथं साधी सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागते. "हे कधी बदलणार, काका?" मास्तर विचारतो. काका उत्तर देत नाहीत.

उत्तर तुम्हाला माहीत आहे. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्यानं आत येईल, आणि 17 तारखेला निजाम शरण जाईल. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात येईल, 1960 मध्ये महाराष्ट्रात. पण हे तुम्हाला सांगता येत नाही. ही माणसं अकरा वर्षं वाट पाहतील, काही तुरुंगात जातील. तुम्ही ताटातली भाकरी संपवता आणि काकांच्या पाया पडता.

शेवटचा टप्पा चांदण्यात आहे. मार्गशीर्षाची पौर्णिमा, कार्बाइडचा दिवा पेटवायची गरजही पडत नाही. तुळजापूरच्या पायऱ्या उतरताना गुडघे थरथरतात. गोमुख तीर्थावर पाय धुऊन आत जाता, तर देवीचा छबिना निघालेला. संबळ वाजतोय, पोत पेटलेत, आराधिणींच्या गळ्यात कवड्यांच्या माळा. शेजारी कुणी तेलुगूत नवस बोलतंय, कुणी कानडीत. नाक्यावर यांच्यातल्या प्रत्येकाला कुठून आलात ते विचारलं असेल. इथं तसं विचारणारं कुणी नाही. "आई राजा उदे उदे!" मास्तर ओरडतो आणि त्या शिपायाचा नमस्कारही तुम्ही पोचवता.

एवढ्यासाठीच हा दिवस सायकलीवर काढायचा. मोटारीतून नाका लक्षात राहतो, घाट राहत नाही. सायकलवर उलटं होतं. माणसानं आखलेली हद्द चार मिनिटांत ओलांडून होते, आणि डोंगरानं घातलेली हद्द अंगभर जाणवते. आज तो नाका नाही, हाली रुपया नाही, अडीच फुटी रूळही जाऊन रुंद रूळ आलेत. बार्शीहून येडशीकडे निघालात तर चढ मात्र तोच भेटेल. गिअरची सायकल असली तरी चालेल, पण दोन-तीन मित्र बरोबर घ्या, आणि सर्वांत मागे राहणाऱ्याच्या वेगानं चढा.