गाळाचे बेट आणि दोन देश

श्रोतेहो, बांधाचे भांडण म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. वीतभर जमिनीपायी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात आणि खटल्याच्या खर्चात शेतच विकायची पाळी येते. पण बांध निदान जागच्या जागी असतो. दोन शेतांमधली हद्द ओढ्याची असेल आणि तो ओढा दर पावसाळ्यात अंग बदलत असेल, तर काय करावे? ओढ्याने इकडची माती खाल्ली आणि मध्येच कोठे मळई टाकली, तर ती मळई कोणाची? अशाच एका मळईची ही हकीकत आहे. फरक इतकाच की ती समुद्राच्या तोंडाशी होती, आणि भांडणारे दोन भाऊ नव्हते, भारत व बांगलादेश हे दोन देश होते.

शिक्षकबंधूंनी वर्गातला नकाशा उघडावा. गंगा आणि ब्रह्मपुत्रा या नद्या बंगालच्या उपसागराला मिळतात, तेथे सुंदरबनाचे दाट कांदळवन पसरलेले आहे. हिमालयापासून वाहत आलेला गाळ येथे येऊन बसतो. आज जेथे पाणी आहे तेथे उद्या जमीन दिसते, आणि आजची जमीन उद्या पाण्याखाली जाते. या प्रदेशाच्या मधोमध हरियाभंगा नावाची नदी आहे. १९४७ साली फाळणी झाली, तेव्हा बंगालची वाटणी करण्याचे काम सिरिल रॅडक्लिफ या इंग्रज कायदेपंडिताकडे आले. हे गृहस्थ त्यापूर्वी कधी हिंदुस्थानात आलेले नव्हते, आणि त्यांच्या हाती जेमतेम पाच आठवडे होते. येथे दक्षिणेकडे त्यांनी नद्यांच्या मुख्य प्रवाहाची मध्यरेषा हीच हद्द धरली. कागदावर हे सोपे दिसले. पण प्रवाह काही कागदावर वाहत नव्हता!

पुढे १९७० च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर महाभयंकर चक्रीवादळ आले. त्यात तीन ते पाच लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. या वादळानंतर हरियाभंगेच्या मुखापासून थोड्याच अंतरावर गाळाचे एक नवे बेट वर आले, असे मानले जाते. मधल्या काळात, १९७१ साली, बांगलादेश स्वतंत्र झाला, आणि १९७४ साली उपग्रहाच्या छायाचित्रात हे बेट स्पष्ट दिसले. भारताने त्याला न्यू मूर म्हटले, कोणी पूर्वाशा म्हटले. बांगलादेशाने नाव ठेवले दक्षिण तालपट्टी. ओहोटीला ते पसरे, भरतीला आक्रसे. समुद्रसपाटीपासून दोन मीटरहून अधिक उंची त्याला कधी लाभली नाही. तेथे गाव वसले नाही की शेत पिकले नाही.

आता वादाची गंमत पाहा. दोन्ही देशांना तत्त्व एकच मान्य होते, ते म्हणजे मुख्य प्रवाहाची मध्यरेषा. भारत म्हणे, मुख्य प्रवाह बेटाच्या पूर्वेकडून जातो, म्हणून बेट आमचे. बांगलादेश म्हणे, तो पश्चिमेकडून जातो, म्हणून बेट आमचे. १९८१ साली भारतीय नौदलाचे जहाज तेथे गेले, आणि बांगलादेशाने निषेध करून आपल्या तोफनौका पाठवल्या. सुदैवाने गोळी सुटली नाही.

तुम्ही म्हणाल, या चिखलासाठी एवढा खटाटोप कशाला? श्रोतेहो, भांडण चिखलाचे नव्हतेच, ते पाण्याचे होते. १९८२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, समुद्र त्या त्या देशाच्या सत्तेखाली असतो. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आणि समुद्रतळाच्या तेल-वायूवर त्याचा हक्क पोचतो. जेथे माणूस राहू शकत नाही अशा खडकाला हा २०० मैलांचा हक्क मिळत नाही. तरीपण सीमारेषा किनाऱ्यावर कोठून सुरू करायची, हा प्रश्न उरतोच. शेतकऱ्याला हे चटकन समजेल. नांगराचे पहिले तास बांधापाशी बोटभर वाकडे निघाले, तर शेताच्या दुसऱ्या टोकाला ते हातभर चुकलेले असते. समुद्रातील रेषेचेही तसेच. मुखापाशी थोडासा फरक पडला, तर दूर समुद्रात शेकडो चौरस किलोमीटर पाणी इकडचे तिकडे होते.

वर्षानुवर्षे बोलणी झाली, पण निकाल लागेना. अखेर ऑक्टोबर १९०९ नव्हे, तर थेट २००९ उजाडावे लागले, तेव्हा बांगलादेशाने याच सागरी कायद्याखाली लवादाकडे दाद मागितली. आणि काय आश्चर्य! खटला उभा राहतो न राहतो तोच वादातले बेट नाहीसे झाले. मार्च २०१० मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील समुद्रशास्त्राचे अभ्यासक सुगत हाजरा यांनी उपग्रहाची छायाचित्रे तपासून जाहीर केले की न्यू मूर पाण्याखाली गेले आहे. दोन देशांना तीस वर्षांत जे जमले नाही, ते समुद्राने न बोलता उरकले.

पण बेट बुडाले म्हणून खटला बुडाला नाही. पाच पंचांच्या लवादाने दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले, आणि २०१३ च्या ऑक्टोबरात प्रत्यक्ष जागेची पाहणीही केली. ७ जुलै २०१४ रोजी हेग येथील या लवादाचा निकाल लागला. पंचांनी सांगितले की, असल्या भूभागाला सीमारेषा आखण्यासाठी आधार मानता येणार नाही. आजचा प्रवाह कोठे आहे हेही त्यांनी निर्णायक धरले नाही. १९४७ साली रॅडक्लिफच्या नकाशावर हद्द कोठे दाखवली होती, तेच त्यांनी प्रमाण मानले. त्यामुळे बेटाची जागा भारताच्या बाजूला आली. उलट बाहेरच्या समुद्रात बांगलादेशाचे म्हणणे बऱ्याच अंशी मान्य झाले. त्याचा किनारा आत वळलेला आहे. दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसलेल्या माणसासारखी त्याची स्थिती. दोहोंकडच्या शेजाऱ्यांनी सरळ हात पसरले की याच्या पुढ्यात जागाच उरत नाही. म्हणून वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाकडे आणि ६,१३५ भारताकडे गेले. मोठ्या शेजाऱ्याच्या वाट्याला कमी आले, तरी भारताने निकाल मानला. पुढच्याच वर्षी, १९१५ नव्हे, २०१५ साली, एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या वसाहतींची अदलाबदलही या दोन देशांनी पार पाडली.

इतिहासाच्या पुस्तकात लढायांना पाने मिळतात. ज्या लढाया टळल्या, त्यांना दोन ओळीही मिळत नाहीत. न्यू मूरची कथा अशा टळलेल्या लढाईची आहे, म्हणून ती मुलांना सांगण्याजोगी आहे. पंचाकडे जाणे हा दुबळेपणा नव्हे, आणि विरुद्ध गेलेला निकाल मानणे ही नामुष्की नव्हे. जगात कितीतरी ओसाड बेटांवरून आजही शेजारी देश एकमेकांवर डोळे वटारून आहेत. त्या मानाने ही शेजारधर्माची गोष्ट मोठीच म्हटली पाहिजे.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्याच सुंदरबनाच्या पश्चिमेला, हुगळीच्या मुखाशी, लोहाचरा नावाचे बेट होते. तेथे माणसे राहत, शेती करीत. तेही पाण्याखाली गेले. शेजारचे घोडामारा बेट निम्म्याहून अधिक खचले आहे, आणि तेथल्या कुटुंबांना घरदार सोडून दुसरीकडे जावे लागले. या बेटांवर कोणा परदेशाने हक्क सांगितला नाही, म्हणून तेथे जहाजे धावली नाहीत आणि पंचही बसले नाहीत. निर्मनुष्य चिखलाची जगाने एवढी दखल घेतली, मग ज्या मातीवर चूल पेटत होती तिची कोणी घ्यायची? सीमा आखणे हे राज्यकर्त्यांचे काम खरे. पण त्या सीमेच्या आत माणसाच्या पायाखालची जमीन राखणे, हे त्याहून मोठे काम आहे.