आधी रॉड, मग वायर

मे १९७३, पहाट. तुम्ही जळगावात एका घराच्या अंगणात उभे आहात. खाटा अजून उचललेल्या नाहीत, रात्रभर सारं घर उघड्यावर झोपलं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन थोडेच दिवस झालेत. निंबाला बांधलेला झोका तसाच आहे आणि माहेरी आलेल्या लेकी अजून सासरी परतलेल्या नाहीत. कुठूनसा मिलचा भोंगा ऐकू येतो. तुमच्या खांद्याला पिशवी आहे, पिशवीत हळदकुंकू लावलेल्या लग्नपत्रिका. त्या धुळ्याला पोचवायच्या. समोर या घरातल्या नानांची फटफटी. काळी बुलेट, साडेतीनशेची.

तिच्याकडे नीट बघून घ्या. इंग्लंडात रेडिचचा एन्फिल्डचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, उरलंसुरलं काम १९७० मध्ये थांबलं. आज या मे महिन्यात साऱ्या जगात ही गाडी बनते ती फक्त मद्रासजवळ, तिरुवोत्तियूरला. १९५५ मध्ये लष्कराच्या मागणीतून तिथे काम सुरू झालं. आधी सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे जोडणी व्हायची. आता जवळजवळ सगळं इथलंच आहे. आटे मात्र अजून इंग्रजी मापाचे. म्हणून नानांच्या पेटीतले पाने इंची आहेत. तुमच्या ओळखीचा मिलिमीटरचा पाना इथे लावलात तर नटाचे कोपरे जातील.

किक मारण्याआधी डाव्या हाताने क्लच दाबा. काल संध्याकाळी नानांच्या पुतण्याने वायर कसून दिली आहे आणि तो अभिमानाने सांगतोय, "आता बघा, हात लावला की लागतो." खरंच लागतो. लिव्हर हलला त्याच क्षणी बोटांना जोर लागतोय, आधीची ती मोकळी हालचाल कुठेच नाही. तुम्हाला हे बरं वाटतं, कारण तुमच्या काळात ढिलं म्हणजे बिघडलेलं असंच सगळे धरून चालतात. ही भावना लक्षात ठेवा.

आता क्लच दाबून धरा आणि इग्निशन बंद ठेवूनच दोन-चार किका मारा. रात्रभर तेलात चिकटून बसलेल्या प्लेटा त्याने सुटतात, नाहीतर पहिला गियर टाकताना गाडी धक्का खाते. मग पेट्रोलचा कॉक उघडा, किल्ली फिरवा, किक सावकाश खाली दाबत हेडलाइटच्या वरच्या अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणा. डीकॉम्प्रेसरचा छोटा लिव्हर दाबून किक थोडी पुढे सरकवा, सोडा, आणि मग पूर्ण वजनाने मारा. गाडी लागते. सगळी गल्ली जागी होते.

"उन्ह वर यायच्या आत पारोळा गाठ बरं," नाना म्हणतात.

पहिल्या दहा मिनिटांत तुमचे पाय तुमचं ऐकत नाहीत. इथे गियर उजव्या पायाला आहे, ब्रेक डाव्या. पहिला गियर वर, बाकीचे तीन खाली. समोर बैलगाडी आली की आजच्या गाडीला सरावलेला उजवा पाय ब्रेक म्हणून खाली दाबतो आणि गियर पुढे पडतो. हळू चालवा. बांभोरीजवळ गिरणेच्या पात्रात नजर जाईल तिथवर वाळू आहे. पाळधी मागे पडते. रस्ता तुम्ही ओळखता त्याच्या निम्म्या रुंदीचा. समोरून ट्रक आला की एक चाक खाली मातीत उतरवावं लागतं.

एरंडोलच्या अलीकडे रस्त्याकडेला बायामाणसं खडी फोडत बसली आहेत. गेला पावसाळा कोरडा गेला. दुष्काळी कामावर मजुरी मिळते, सुकडी मिळते, आणि रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, जिची भाकर कुणालाच गोड लागत नाही. एक म्हातारी हातोडी थांबवून तुमच्याकडे बघते. तुम्ही गाडीचा वेग कमी करता. तिच्या अंगावर धूळ उडवत जाणं बरं नव्हे.

आणि पुन्हा वेग वाढवताना ते होतं. तुम्ही मूठ पिळता, इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र आहे तशीच चालते. आवाज आणि चाक यांचं नातं तुटलंय. मूठ सोडली की जुळतं, पिळली की पुन्हा सुटतं. थोड्या वेळाने जळकट वास यायला लागतो. क्लच घसरतोय. घाई करू नका, चौथ्या गियरमध्ये अलगद मूठ धरून चालत राहा, चढावर तिसरा टाका. उरलेलं अंतर असंच, इंजिनाची मनधरणी करत काढायचं.

पारोळ्यात किल्ल्याच्या आसपास, निंबाच्या सावलीत एक मिस्तरी बसलेला असतो. पत्र्याची पेटी, रॉकेलचा डबा, पोत्यावर मांडलेले पाने. तो गाडीकडे बघतच नाही. लिव्हरला फक्त एक बोट लावतो.

"हाई वायर कोणी कसी?"

तुम्ही पुतण्याचं नाव सांगता. तो मान हलवतो. "बठा भाऊ. गाडीले जरासं थंडं व्हऊ द्या."

तर बसा. चहा येईपर्यंत हे समजून घ्या, कारण पुढे तो जे करणार आहे ते बोलत करणार नाही.

तुमच्या डाव्या हाताचा जोर गाडीत मोठा फेरा मारतो. हँडलवरून निघालेली वायर टाकीखालून जाऊन उजवीकडे गियरबॉक्सपाशी उतरते. तिथे आत एक आखूड लिव्हर असतो. तो एका सळईला, म्हणजे पुशरॉडला, ढकलतो. रॉड गियरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून आडवा पार डावीकडे जातो आणि क्लचची प्रेशर प्लेट बाहेर लोटतो. स्प्रिंगा दबतात, प्लेटा एकमेकींपासून सुटतात, इंजिन फिरत राहतं आणि चाक मोकळं होतं. हात सोडला की स्प्रिंगा प्लेटांना पुन्हा आवळतात.

आता वायर इतकी कसली की हात सोडल्यावरही रॉड प्लेटला टेकूनच राहिला, तर काय होईल? तुम्ही लिव्हरला हातही न लावता दिवसभर किंचित क्लच दाबून गाडी चालवताय. स्प्रिंगांचा पूर्ण जोर प्लेटांना मिळत नाही. त्या घसरतात, तापतात, झिजतात. लिव्हरला सुरुवातीची मोकळी हालचाल हवी ती यासाठी. ती ढील म्हणजे क्लच पूर्ण बसल्याची खूण आहे.

उलट बाजूही आहे. ढील फार झाली की लिव्हर पूर्ण ओढूनही प्लेटा सुटत नाहीत. गियर करकरत पडतो, थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही, पहिल्या गियरात उभी गाडी पुढे ओढत राहते. दोन्ही दुखण्यांना लोक एकच औषध करतात, वरचा ॲडजस्टर फिरवतात. खरी चूक इथे आहे, आणि ती आजही गॅरेजांमध्ये रोज होताना दिसते.

कारण या यंत्रात दोन झिजा एकाच वेळी चालू असतात आणि त्या उलट दिशांना ओढतात. वायर ताणली जाते तशी ढील वाढते. प्लेटा झिजतात तशी प्रेशर प्लेट आत सरकते, रॉडजवळ येते, आणि ढील कमी होते. दोन्ही सारख्या झाल्या तर वर्षभर लिव्हर अगदी ठीक वाटेल आणि आत मात्र वायरही थकलेली असेल, प्लेटाही. नुसती वायर कमीजास्त करणाऱ्याला हे कधीच कळत नाही. म्हणून आधी रॉड, मग वायर. हा क्रम उलटला की पुढचं सगळं अंदाजावर.

चहा संपला. मिस्तरी उठतो.

पहिल्यांदा तो वायर पूर्ण सैल करतो. ॲडजस्टरचा चेकनट सोडून बॅरल आत घालतो, इतकं की हँडलचा लिव्हर लुळा पडतो. मग गियरबॉक्सच्या उजव्या कव्हरवरची छोटी झाकणी उघडतो, तिचे स्क्रू जपून झाकणीतच ठेवतो. आत आखूड लिव्हरवर एक स्क्रू आणि त्याला आवळणारा चेकनट. पान्याने नट सैल, पेचकसाने स्क्रू हळूहळू आत. तो तुमचं बोट पेचकसाच्या मुठीवर ठेवतो. स्क्रू फिरतोय, फिरतोय, आणि मग मुठीत एक बारीकसा अडथळा येतो. स्क्रू रॉडला टेकला. इथे जोर लावायचा नाही. इथून अर्धा फेरा मागे, पेचकस हलू न देता नट आवळायचा. तुमच्या बोटांना तो टेकल्याचा क्षण कळला असेल तर पारोळ्यापर्यंतची वाट वसूल झाली.

मग वायर. ॲडजस्टर म्हणजे नेमकं काय, ते आता डोळ्यांसमोर आहे. आतली तार आणि बाहेरची नळी. नळी म्हणजे गच्च गुंडाळलेली तारच असते, ती दाबली जात नाही. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ मध्ये इंग्लंडात या रचनेचं पेटंट घेतलं. आतली तार ओढते तेव्हा बाहेरची नळी तेवढ्याच जोराने उलटं रेटत असते. बॅरल बाहेर काढलं की नळीची वाट लांबते, तार मात्र आहे तेवढीच राहते, म्हणून ढील संपते. तारेला हात न लावता ताण वाढतो तो असा.

मिस्तरी शर्टाच्या खिशातून पाच पैशाचं चौकोनी नाणं काढतो. हँडलवर लिव्हर आणि त्याचा ब्रॅकेट यांच्या मधल्या फटीत नाणं सहज सरकेल एवढी ढील ठेवून चेकनट आवळतो. तुमच्या भाषेत दोन-तीन मिलिमीटर.

"आते दोन्हीकडे फिराई दखा."

हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. दोन्ही टोकांना नाणं सरकायला हवं. वळताना ढील संपत असेल तर वायर कुठेतरी अडकते आहे, ती टाकीखालून नीट सोडवून घ्यावी लागते. ही तपासणी घरी सहसा कुणी करत नाही.

शेवटी तो लिव्हरमधलं निप्पल बघतो. ते आपल्या खोबणीत फिरलं पाहिजे. धुळीने जाम झालं की प्रत्येक वेळी तार तिथेच दुमडते आणि एकेक धागा तुटत जातो. एक धागा तुटलेला आहे. तो निप्पलला ग्रीस लावतो, कागदाचा शंकू करून नळीच्या वरच्या टोकाशी धरतो आणि इंजिनचं तेल थेंब थेंब सोडतो. या वायरींना आतून नायलॉनचं अस्तर नाही. खान्देशातली काळ्या मातीची धूळ आत गेली की तार खरवडत जाते. मग पेटीतून नवी वायर काढून तो ती जुनीच्या शेजारून टाकीखालून ओवतो आणि सुतळीने बांधतो. जुनी तुटलीच, तर रस्त्यात फक्त दोन टोकं बदलायची.

पैसे देताना हात जोडा. तो तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे.

पारोळ्याहून पुढे झळा सुरू होतात. तोंडाला ओला रुमाल बांधा. मुकटी, फागणे. इंजिनाचा आवाज आणि चाकाचा वेग पुन्हा हातात हात घालून चालतात. एक जावा तुम्हाला मागे टाकून जाते. त्या गाडीचं नाव याच वर्षी बदलून येझदी होणार आहे. सप्टेंबरात 'बॉबी' येईल आणि राजदूतच्या त्या छोट्या गाडीला सिनेमाचं नाव चिकटेल. ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटेल, पेट्रोल महागेल आणि असल्या फटफट्या कित्येक महिने अंगणात उभ्या राहतील. तुम्हाला हे ठाऊक आहे, रस्त्यावर दुसऱ्या कुणालाही नाही.

धुळे आलं. कॅप्टन ब्रिग्ज यांनी इंग्रज अमलाच्या सुरुवातीला सरळ रेषांत आखलेलं गाव, गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. आग्रा रोडवर टांगे, सायकली, लग्नसराईची गर्दी. क्लचची खरी परीक्षा इथे. थांबा, निघा, पुन्हा थांबा. दुसऱ्या गियरमध्ये क्लच दाबून थांबा आणि उजव्या टाचेने न्यूट्रलचा लिव्हर खाली करा. गाडी आवाज न करता न्यूट्रलमध्ये येते आणि जागेवर उभी राहते.

पत्रिका दिल्यावर, पाणी पिण्याआधी, गाडी तापलेली असतानाच लिव्हरच्या फटीत नाणं घालून बघा. उष्णतेने ही फट बदलते, म्हणून थंडपणी केलेलं माप गरमपणी एकदा तपासायचंच. नाणं सरकतं. काम बरोबर झालंय.

आता परत या. तुमच्या शेडमध्ये, वाड्याच्या ओट्याखाली, शेतातल्या खोलीत अशी एखादी जुनी बुलेट झाकून ठेवलेली असेल. तिच्या लिव्हरला मोकळी हालचाल आहे का, आज बघा. नसेल तर नुसती वायर कमीजास्त करू नका, ती पूर्ण सैल करून आधी झाकणी उघडा. स्वतः करायचं धाडस नसेल तर गावातल्या जुन्या मिस्तरीकडे न्या आणि घरातल्या पोरीपोरांना सोबत घेऊन जा. स्क्रू रॉडला टेकल्याचं बोटांना कसं कळतं हे त्यांना त्याच्याकडून शिकू द्या. पुस्तकात अर्धा फेरा लिहिलेला असतो. तो कुठून मोजायचा हे हातालाच शिकावं लागतं, आणि ते शिकवणारे हात आपल्याकडे आता थोडे उरलेत.