राजहऱ्याचा डोंगर आणि कर्तृत्वाचे वाटेकरी

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या दक्षिणेस वसलेले उतई आज नगरपंचायतीचे गाव असून, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा बलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे त्याचे नाव दूरदूरच्या तरुणांना परिचित झाले आहे. दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिज बालोद, गुंडरदेही आणि मरोदा या मार्गाने भिलाईच्या पोलाद कारखान्याकडे नेणारा लोहमार्ग याच टापूतून जातो. या तांबड्या दगडाचा भट्टीपर्यंतचा प्रवास जवळजवळ पाऊणशे वर्षांचा आहे. माणसाच्या कर्तृत्वात बुद्धीचा वाटा किती आणि महत्त्वाकांक्षेचा किती, या जुन्या प्रश्नाचा विचार करायला त्याच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हा प्रश्न पश्चिमेकडील अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकातच हाती घेतला होता. १८६९ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी थोर पुरुषांच्या घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध करताना केवळ बुद्धी पुरत नाही, तिला उत्कटता आणि कष्ट उपसण्याची ताकद यांची जोड लागते, असे मांडले. तर १९२६ साली कॅथरीन कॉक्स या मानसशास्त्रज्ञ महिलेने ३०१ नामवंतांच्या बालपणाचे पुरावे तपासून, अत्युच्च बुद्धी पण कमी चिकाटी असलेल्यापेक्षा उच्च बुद्धी आणि अपार चिकाटी असलेला माणूस पुढे जातो, असा निष्कर्ष काढला. दोघांनीही बुद्धी आणि आकांक्षा हे एकाच व्यक्तीच्या ठायी वसणारे गुण मानले. राजहऱ्याच्या लोखंडाची हकीकत मात्र हे गृहीतच तपासून पाहायला लावते.

या भागातील लोखंडाचे पहिले जाणकार होते खनिज गाळणारे स्थानिक कारागीर. मध्य भारतात अगरिया आणि त्यांच्यासारख्या समाजांचा हा पिढीजात धंदा होता. अगरियांची भट्टी मातीची आणि जेमतेम कंबरेइतक्या उंचीची असे. लाकडाच्या पोकळ खोडांवर कातडे ताणून केलेले दोन भाते, त्यांवर उभा राहून आळीपाळीने पाय दाबणारा माणूस, दाबलेले कातडे पुन्हा वर ओढणारी लवचिक बांबूची काठी आणि वारा भट्टीच्या पोटात नेणारी मातीची नळी, एवढाच तिचा सरंजाम असे. सरईच्या, म्हणजे साल वृक्षाच्या, लाकडाचा कोळसा आणि फोडलेले खनिज वरून टाकत राहायचे, मळी खालून वाहू द्यायची आणि शेवटी तांबडालाल गोळा सांडशीने ओढून ऐरणीवर घणाने ठोकून काढायचा. कोणता दगड गाळण्याजोगा, हे ओळखण्याची नजर या कारागिरांकडे होती. लोहासुराला देव मानणाऱ्या अगरियांच्या कथांतही हेच ज्ञान भिनलेले दिसते. परंतु रेल्वेने स्वस्त विलायती लोखंड बाजारात आणले, जंगलावर सरकारी निर्बंध आल्याने कोळसा पाडणे अवघड झाले आणि हा धंदा ओसरत गेला.

छत्तीसगडचा प्रदेश अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झाली आणि दुर्गचा मुलूख रायपूर जिल्ह्याचा पश्चिम भाग म्हणून नोंदला गेला. या पश्चिम भागातील लोहउद्योगावर १८८७ साली प्रमथनाथ बोस यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. १८५५ साली बंगालमध्ये जन्मलेले बोस गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीवर लंडनला गेले, तेथील खनिविद्येच्या शाही शाळेत शिकले आणि १८८० साली या खात्यात दाखल झाले. वरच्या श्रेणीतील पदावर भारतीय माणूस जवळजवळ नसण्याच्या त्या काळात केवळ बुद्धीच्या जोरावर त्यांनी हे स्थान मिळवले होते. डौंडी-लोहारा जमीनदारीतील दल्ली आणि राजहरा या डोंगरांतील समृद्ध खनिज त्यांच्यामुळे सरकारी दप्तरात आणि भूवैज्ञानिक नकाशात आले. पण त्याचे पोलाद करणे हे त्या खात्याचे काम नव्हते. अहवाल छापला गेला आणि दप्तरात पडून राहिला.

याच काळात दुसरीकडे एक आकांक्षा खनिजाच्या शोधात होती. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेदजी टाटा यांच्या हाती १८८२ साली फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूरमधील, लोहारा येथील खनिजावरचा अहवाल पडला आणि पोलादाच्या कारखान्याचा ध्यास त्यांनी घेतला. परंतु जवळच्या वरोऱ्याचा कोळसा पोलादासाठी लागणारा कोक, म्हणजे बंद भट्टीत भाजून केलेला कणखर कोळसा, बनवण्यास निकामी ठरला आणि खाणींच्या परवान्याचे सरकारी नियमही आडवे आले. तब्बल १७ वर्षे हा बेत मनात राहिला. १८९९ मध्ये नियम सैल झाले, तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या जमशेदजींनी तो पुन्हा हाती घेतला, १९०२ मध्ये अमेरिकेस जाऊन चार्ल्स पेज पेरिन यांना सल्लागार नेमले आणि पेरिन यांचे सहकारी सी. एम. वेल्ड यांना पाहणीसाठी भारतात आणले. वेल्ड आणि जमशेदजींचे पुत्र दोराबजी यांनी लोहाऱ्याचे रान पालथे घातले; मात्र तेथील खनिज मोठ्या कारखान्याला पुरणारे नाही, असाच निष्कर्ष निघाला.

बेत सोडून द्यावा की काय, अशा मनःस्थितीत दोराबजी नागपुरात एका वरिष्ठ अधिकाऱ्याला भेटण्यास गेले. अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात शिरले, असे टाटांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. १८६३ साली स्थापन झालेले हे संग्रहालय म्हणजे नागपूरकरांचा ‘अजब बंगला’. तेथे मध्य प्रांताचा भूवैज्ञानिक नकाशा टांगलेला होता आणि त्यात दुर्गचा भाग लोहखनिजाच्या गडद रंगाने दाखवला होता. त्या रंगाचा माग काढत वेल्ड राजहऱ्याच्या डोंगरावर पोहोचले आणि तेथे त्यांना अत्यंत उच्च प्रतीचे खनिज मोठ्या प्रमाणावर आढळले. बोस यांची बुद्धी आणि टाटांची आकांक्षा यांची गाठ अशी एका सार्वजनिक भिंतीवर पडली. दोराबजींचे तिथे जाणे योगायोगाचे होते, परंतु पाहताक्षणी त्या रंगाचा अर्थ लागणे हा योगायोग नव्हता, कारण त्यामागे वीस वर्षे जपलेला ध्यास होता.

तरीही कारखाना दुर्गमध्ये उभा राहिला नाही, कारण कोकयोग्य कोळसा फार दूर होता आणि कारखान्याला लागणारे भरपूर पाणी हाताशी नव्हते. दरम्यान, आपल्याला डावलून कनिष्ठ अधिकाऱ्याला वर चढवल्यामुळे बोस यांनी १९०३ मध्ये सरकारी नोकरी सोडली होती आणि मयूरभंज संस्थानात भूवैज्ञानिकाचे पद स्वीकारले होते. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी स्वतः होऊन जमशेदजींना पत्र लिहिले आणि बंगालच्या कोळशाला जवळ असलेल्या, संस्थानातील गोरुमहिसानीच्या खनिजाकडे त्यांचे लक्ष वेधले. १८८७ साली अहवाल देऊन थांबलेले बोस यावेळी तेवढ्यावर थांबले नाहीत, हा फरक महत्त्वाचा आहे. जमशेदजी १९ मे १९०४ रोजी निवर्तले. तीन वर्षांनी, १९०७ मध्ये, टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, १९१२ साली पोलाद तयार झाले.

राजहऱ्याचा डोंगर मात्र वाट पाहत राहिला. १९२१ च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बालोदजवळ तांदुला धरण पूर्ण झाले आणि पुढे तेच पाणी भिलाईच्या कारखान्याच्याही कामी आले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी, म्हणजे तप्त हवेच्या झोतावर खनिज वितळवणारी उंच भट्टी, सुरू झाली. यावेळची आकांक्षा एका उद्योगपतीची नव्हती, नव्या प्रजासत्ताकाची होती. खाणीत घण चालवणाऱ्यांची आकांक्षा याहून उशिरा नोंदली गेली: शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये संघटित झालेल्या दल्ली-राजहराच्या मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून उभारलेले शहीद रुग्णालय १९८३ साली सुरू झाले.

या इतिहासाचा निवाडा असा की, बुद्धी आणि महत्त्वाकांक्षा एकाच माणसात पुरेपूर असाव्या लागतात असे नाही, पण त्यांची भेट व्हावी लागते, आणि ती भेट अहवाल, नकाशे, संग्रहालये, शिष्यवृत्त्या अशा सर्वांना खुल्या असलेल्या गोष्टींमुळेच घडते. २०१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आज भिलाईत आहे आणि उतईच्या परिसरातील मुलांचे यश आता प्रवेशपरीक्षेतील क्रमांकावर मोजले जाते. त्या क्रमांकात एका मुलाची हुशारी आणि जिद्द दिसते. त्याच्यापर्यंत ज्ञान पोहोचवणारे हात दिसत नाहीत. बोस यांना चरित्रकार मिळाले, टाटांच्या नावाने शहर वसले, पण हे लोखंड सर्वांत आधी गाळणाऱ्या आणि भात्यावर आळीपाळीने पाय दाबणाऱ्या माणसाचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. कर्तृत्वाचा हिशेब मांडताना पहिली ओळ त्याच्यासाठी राखून ठेवणे, हे पुढच्या प्रत्येक पिढीचे कर्तव्य आहे.